डी-वनमधली नोकरी सोडून एटी प्रोग्रॅममध्ये शिकवायला जावं का? अनुभवी मंडळींनी सांगा

मैदानवाली

नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेतले बरेच एटी (ॲथलेटिक ट्रेनर) लोक आहेत म्हणून थेटच विचारते. मी एका डी-वन (कॉलेजच्या खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटातल्या) युनिव्हर्सिटीत ॲथलेटिक ट्रेनर आहे, म्हणजे खेळाडूंच्या इजा टाळणं, तपासणं, बऱ्या करणं हे माझं काम, विमेन्स सॉकर आणि ट्रॅक अशा दोन टीम माझ्याकडे आहेत, मास्टर्स झालंय, बीओसी (राष्ट्रीय बोर्डाचं) सर्टिफिकेशन आणि राज्याचं लायसन्स आहे. आमच्याच युनिव्हर्सिटीत मास्टर्सचा एटी प्रोग्रॅम आहे आणि त्यांची मुलं क्लिनिकल रोटेशनला माझ्याकडे येतात, म्हणजे मी त्यांची प्रिसेप्टर, कामावर प्रत्यक्ष शिकवणारी. आणि आता असं झालंय की दिवसभरातलं मला सगळ्यात आवडणारं काम तेच आहे.

एक उदाहरण सांगते. परवा एक विद्यार्थिनी एका खेळाडूचा घोटा तपासत होती, प्रत्येक टेस्ट क्रमाने आणि बरोबर करत होती पण पेशंटच्या चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी तिला म्हटलं, आता हेच सगळं परत कर, पण हात घोट्यावर आणि नजर तिच्या तोंडावर ठेव. दुसऱ्या वेळेस तिला लगेच कळलं की दुखतंय बाहेरच्या बाजूला पण खेळाडू खरी दचकतेय ती वर, नडगीच्या दोन हाडांमधे दाबल्यावर, म्हणजे हाय अँकल स्प्रेनचा (घोट्याच्या वरच्या भागात मुरगळण्याचा) विचार करायला हवा. हे तिचं तिला सापडलं, मी सांगितलं नाही, आणि मला त्याचा जो आनंद झाला तो मॅच जिंकल्यावरही होत नाही.

तर आता प्रोग्रॅम डायरेक्टरांनी विचारलंय की पुढच्या फॉलपासून पूर्णवेळ शिकवायला येशील का, क्लिनिकल असिस्टंट प्रोफेसर म्हणून. अट एवढीच की डॉक्टरेट सुरू करायची. मला हे पाहिजे आहे असं वाटतं पण तीन गोष्टी मनात घोळतायत. एक म्हणजे मैदान कायमचं सुटेल का, हात विसरतील का. दुसरं, क्लिनिकल ट्रॅक आणि टेन्युअर (कायम नोकरीचा) ट्रॅक यात नेमकं काय घ्यावं आणि डॉक्टरेट कुठली करावी, पीएचडी, ईडीडी (शिक्षणशास्त्रातली) की डीएटी (ॲथलेटिक ट्रेनिंगमधली). आणि तिसरं, नवरा म्हणतो की तू टीमच्या प्रवासाला आणि वीकेंडला कंटाळलीयेस म्हणून तुला हे आवडतंय. तसं नाहीये असं मला वाटतं पण त्याचा मुद्दा अगदीच उडवून लावता येत नाही. तुमच्यापैकी जे या बाजूला गेलेत त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

जुना_पीडी

मैदानवाली ताई, तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो कारण हा निर्णय लोक फार घाईत घेतात. मी एका स्टेट युनिव्हर्सिटीत बरीच वर्षं एटी प्रोग्रॅमचा डायरेक्टर (पीडी) आहे, त्याआधी अमेरिकन फुटबॉलच्या टीमला होतो.

आधी हे समजून घे की ज्याला आपण आज एटी एज्युकेटर म्हणतो ती नोकरी तशी नवीच आहे. नाटाची, म्हणजे ॲथलेटिक ट्रेनरांच्या राष्ट्रीय संघटनेची, स्थापना १९५० ची, कॅन्सस सिटीतली. अभ्यासक्रमाचा पहिला आराखडा १९५९ ला आला आणि पहिले चार मान्यताप्राप्त प्रोग्रॅम १९६९ मध्ये, मॅनकाटो स्टेट, इंडियाना स्टेट, लमार आणि युनिव्हर्सिटी ऑफ न्यू मेक्सिको. सर्टिफिकेशनची परीक्षा १९७० ला सुरू झाली. त्या काळात शिकवणारा माणूस म्हणजे बहुतेक ठिकाणी टीमचा हेड एटीच, सकाळी फिजिकल एज्युकेशन डिपार्टमेंटमध्ये एखाद-दोन कोर्स शिकवायचा आणि दुपारी दीड वाजता टेपिंग टेबलाशी उभा. विद्यार्थीही बरेचसे इंटर्नशिपच्या वाटेने यायचे, तास भरायचे, परीक्षा द्यायचे. ती वाट २००४ ला बंद झाली. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने एटीला आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्यता दिली, मग मान्यतेची यंत्रणा उभी राहिली, ती पुढे २००६ ला केट म्हणून स्वतंत्र झाली, आणि २०१५ च्या मे महिन्यात ठरलं की प्रोफेशनल डिग्री मास्टर्सचीच असेल. २०२२ च्या फॉलनंतर बॅचलर्सला नवीन मुलं घ्यायचीच नाहीत असा नियम झाला.

हे सगळं कशासाठी सांगतोय तर या प्रत्येक पायरीला शिकवणाऱ्याचं काम मैदानापासून थोडं थोडं दूर सरकत डिपार्टमेंटच्या आत गेलं. आता तू फिजिकल थेरपी (पीटी), नर्सिंग, पीए (फिजिशियन असिस्टंट) यांच्या फॅकल्टीच्या रांगेत बसतेस, तुझी कामगिरी त्याच मापाने मोजली जाते. सिलॅबस, मूल्यमापनाचे आराखडे, केटचा सेल्फ स्टडी, साइट व्हिजिट, कमिट्या, ॲडमिशनच्या मुलाखती. ज्याला वाटतं की शिकवायचं म्हणजे आत्ता मैदानावर जे करतोय तेच पण एसीमध्ये, तो दोन वर्षांत दमतो. तुझ्या नवऱ्याचा मुद्दा त्याच कारणाने गंभीरपणे घे. तास कमी होत नाहीत, फक्त त्यांची जागा बदलते. शनिवारची अवे मॅच जाते आणि रविवारी रात्री ओस्कीचे (प्रात्यक्षिक परीक्षेचे) व्हिडिओ तपासणं येतं. शिवाय दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये समर म्हणजे सुट्टी नसते, बऱ्याच प्रोग्रॅममध्ये पहिली बॅच जून-जुलैमध्येच ॲनाटॉमीने सुरू होते. कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं दाखवतायत की अकरा-बाराचं हे पहिल्यांदा विचार.

पण तू ते घोट्याचं जे लिहिलंयस ना, नजर तोंडावर ठेव म्हणून सांगणं आणि मग गप्प उभं राहणं, ते करता येणारी माणसं कमी असतात. चांगल्या क्लिनिशियनला पेशंट समोर दिसला की हात आवरत नाहीत, तो विद्यार्थ्याला बाजूला करून स्वतःच तपासायला लागतो. ज्याला थांबता येतं तो शिकवू शकतो. म्हणून माझं मत विचारशील तर, ये. फक्त डोळे उघडे ठेवून ये.

मैदान सुटेल का याबद्दल. केटच्या स्टँडर्डमध्ये फॅकल्टीला आपल्या विषयातलं आजचं, चालू ज्ञान आणि कौशल्य असायला हवं असं लिहिलेलंच आहे, आणि बीओसीलाही दर दोन वर्षांनी ५० सीईयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) आणि इमर्जन्सी कार्डिॲक केअरचं कार्ड लागतंच. पण कागदावर ते जमवणं वेगळं आणि हात चालू ठेवणं वेगळं. आमच्याकडे मी नियमच करून ठेवलाय की प्रत्येकाने वर्षातून काही दिवस तरी कुठेतरी खरे पेशंट बघायचे, कुणी हायस्कूलच्या टूर्नामेंटला जातं, कुणी आठवड्यातून एक सकाळ ऑर्थोपेडिक क्लिनिकमध्ये. आपल्या क्षेत्रात गोष्टी किती बदलतात बघ. कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला धक्का) झाल्यावर त्याच दिवशी परत खेळायला सोडणं एके काळी चालायचं, आज ती गोष्ट कुणी उच्चारतही नाही. वॉशिंग्टन राज्याने २००९ ला याबद्दल झॅकरी लिस्टेट या मुलाच्या नावाचा कायदा केला आणि २०१४ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत तसे कायदे आले. मणक्याच्या इजेत फुटबॉलचं हेल्मेट आणि पॅड अंगावर तसेच ठेवून हॉस्पिटलला न्यायचं असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं, मग २०१५ च्या सुमारास शिफारस आली की प्रशिक्षित माणसं पुरेशी असतील तर ते आधीच काढा. जो माणूस मैदानावर जातच नाही त्याच्या लेक्चरमध्ये अशा गोष्टी जुन्याच राहतात, आणि त्याची मुलं ते जुनंच घेऊन बाहेर पडतात.

सुप्रिया_सीईसी

दादांनी फॅकल्टीची बाजू सांगितली, मी क्लिनिकल एज्युकेशन कोऑर्डिनेटर (सीईसी) आहे तर माझी बाजू सांगते, कारण क्लिनिकल असिस्टंट प्रोफेसर म्हणून घेतलेल्या माणसाकडे बऱ्याचदा हेच काम येतं आणि ते कुणी आधी सांगत नाही.

माझं निम्मं काम फोनवर आहे. कुठल्या विद्यार्थ्याला कुठे पाठवायचं, त्या जागेशी करार झालाय का, लसीकरणाचे कागद, बॅकग्राउंड चेक, प्रिसेप्टरचं ट्रेनिंग. वेगवेगळ्या प्रकारचे पेशंट मिळायला हवेत, पुरुष-स्त्रिया, लहान मुलं ते म्हातारी माणसं, खेळाडू नसलेले पेशंटही. शिवाय निदान चार आठवडे सलग पूर्णवेळ असं एक इमर्सिव्ह रोटेशन द्यावंच लागतं, त्यात विद्यार्थी एटीच्या संपूर्ण दिवसाबरोबर राहतो, क्लासच्या वेळेपुरता येऊन जात नाही. हे रोटेशन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गेल्या वर्षी आमची एक मुलगी एका कॉलेजच्या सीझनआधीच्या कॅम्पला होती, परत आली तेव्हा तिच्या बोलण्यातच फरक पडला होता, आधी "मॅम, मी काय करू" विचारायची ती आता "मी हे केलं, अमुक कारणाने केलं, तुम्हाला काय वाटतं" असं बोलायला लागली.

उरलेलं निम्मं काम म्हणजे माणसं सांभाळणं, आणि हे अवघड आहे. प्रिसेप्टर तुझ्यासारखे असतात, पगार त्यांना टीमचा मिळतो, शिकवण्याचा वेगळा पैसा बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि मी त्यांच्याकडून अपेक्षा करते की त्यांनी आमच्या मुलांना वेळ द्यावा. काही प्रिसेप्टर विद्यार्थ्याला पाण्याच्या बाटल्या भरायला आणि आइस बॅग बांधायला ठेवतात. एका जागी असंच चाललंय असं कळलं, जागेचं नाव घेत नाही, दोनदा जाऊन बोलले, तिसऱ्यांदा विद्यार्थी काढून घेतला. तेव्हा आमच्याकडे फुटबॉलची दुसरी जागा नव्हती तरी घेतला काढून. ज्या जागी शिकवलंच जात नाही तिथे पाठवून तास भरण्यात काय अर्थ आहे. सीईसीला हे ठामपणे करता आलं पाहिजे आणि पीडीने पाठीशी उभं राहिलं पाहिजे, म्हणून इंटरव्ह्यूच्या वेळी तुझ्या पीडीला सरळ विचार की अशी जागा बंद करायची वेळ आली तर शेवटचा शब्द कुणाचा.

ट्रॅकबद्दल थोडक्यात. क्लिनिकल ट्रॅक म्हणजे कॉन्ट्रॅक्ट ठराविक वर्षांनी रिन्यू होतं, शिकवणं जास्त, रिसर्चची अपेक्षा कमी, टेन्युअर नाही. टेन्युअर ट्रॅक म्हणजे साधारण सहाव्या वर्षी फाइल जाते, तोपर्यंत पेपर, ग्रँट, बाहेरच्या प्रोफेसरांची पत्रं हे सगळं हवं. तुला विद्यार्थी आवडतात आणि डेटा बघून डोळे लकाकत नसतील तर क्लिनिकल ट्रॅक मनापासून घे, त्यात कमीपणा काही नाही.

मैदानवाली

दोघांचे खूप खूप आभार. सुप्रियाताई, ही सीईसीची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती आणि आता आठवतंय की पीडी बोलताना "क्लिनिकल साइट्स तुला माहीतच आहेत" असं दोनदा म्हणाले होते, म्हणजे त्यांच्या डोक्यात तेच असणार. मला ते काम नकोसं नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

दादा, एक विचारायचं होतं. क्लासरूममध्ये जे शिकवतो ते खरंच मैदानावर टिकतं का? माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांना थिअरी तोंडपाठ असते पण प्रसंग आला की गोठून जातात. मला भीती ही आहे की मी वर्गात चांगलं शिकवेन आणि त्यांना त्याचा वेळेवर उपयोगच होणार नाही.

जुना_पीडी

ही भीती असणं चांगलंच आहे, ती राहू दे. टिकतं, पण कसं शिकवलं त्यावर. मी हीट स्ट्रोकची लॅब कशी घेतो ते सांगतो म्हणजे तुला कळेल.

या विषयात माहिती कमी पडत नाही. मुलांना पहिल्या आठवड्यात पाठ असतं की एग्झर्शनल (श्रमामुळे होणाऱ्या) हीट स्ट्रोकमध्ये शरीराच्या आतलं तापमान ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर जातं, सोबत मेंदूवर परिणाम दिसतो, बडबड, चिडचिड, तोल जाणं, आणि कोसळल्यापासून साधारण अर्ध्या तासात ते तापमान ३८.९ च्या आसपास आणायचं. रेक्टल थर्मामीटरच विश्वासाचा, कान, कपाळ, तोंड, काखेतलं तापमान इथे चालत नाही. सगळं लिहून देतील पेपरात. अडतं कुठे तर प्रत्यक्ष ते करायला हात पुढे होत नाही. वीस-बावीस वर्षांचं पोर, समोर त्याच्याच वयाचा खेळाडू, आजूबाजूला कोच आणि टीम, आणि याने त्याची पँट खाली करून थर्मामीटर घालायचं. संकोचाने मुलं मग कपाळाला हात लावून "एवढं गरम नाही वाटत" म्हणतात. माणूस दगावतो तो इथे.

म्हणून मी लॅब वर्गात घेतच नाही. ऑगस्टच्या दुपारी प्रॅक्टिस फील्डच्या कडेला, मोठा टब, अर्धा पाण्याने भरलेला, वर बर्फ, पाणी १५ अंशांच्या खालीच पाहिजे. मॅनिकिन (सरावाचा पुतळा) आधी वर्गात वापरून झालेलं असतं, तंत्र तिथे शिकवतो. फील्डवर शिकवतो ते बाकीचं. चादर कोण धरणार, टीमला पाठ फिरवून उभं राहायला कोण सांगणार, खेळाडूला काय बोलून सांगायचं, एकाच वेळी ९११ ला फोन कोण करणार. एका मुलाला खरंच टबमध्ये बसवतो, काखेतून चादर घालून मागून एकाने धरायचं म्हणजे डोकं पाण्याखाली जाणार नाही, एकाने पाणी सतत ढवळायचं, नाहीतर अंगाजवळचं पाणी गरम होतं आणि थंड होण्याचा वेग पडतो. आणि मग मी ॲम्ब्युलन्सवाल्याचं काम करतो, येतो आणि म्हणतो चला, लगेच गाडीत घाला. तेव्हा त्या विद्यार्थ्याने माझ्याकडे बघून म्हणायचं, नाही, तापमान अजून उतरलं नाहीये, आधी थंड करू मग नेऊ. पहिल्या वेळेस जवळजवळ सगळे युनिफॉर्म बघून मागे सरतात. म्हणून ते वाक्य मी त्यांच्याकडून परत परत, मोठ्याने म्हणवून घेतो.

हा हट्ट का ते सांगतो. २००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्स या फुटबॉल टीमचा कोरी स्ट्रिंगर ट्रेनिंग कॅम्पमध्ये हीट स्ट्रोकने गेला, त्याच्या नावाने २०१० ला युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकटमध्ये इन्स्टिट्यूट सुरू झालं आणि आज आपण जे शिकवतो त्यातलं खूपसं तिथल्या कामातून आलंय. एवढं सगळं छापून, शिकवून झाल्यावरही २०१८ मध्ये मेरीलँड युनिव्हर्सिटीचा जॉर्डन मॅकनेर, १९ वर्षांचा मुलगा, मे महिन्यातल्या वर्कआउटमध्ये कोसळला आणि जूनमध्ये गेला. बाहेरच्या तज्ज्ञांच्या चौकशीत आलं की आतलं तापमान घेतलं गेलं नाही आणि थंड पाण्यात बुडवलं गेलं नाही. तो अहवाल मी दर वर्षी पहिल्या लॅबच्या आधी मुलांना वाचायला देतो. पूर्ण वाचायचा, मिनिटामिनिटाचा क्रम लिहून आणायचा, आणि कुठल्या मिनिटाला तुम्ही काय केलं असतं ते सांगायचं. त्या दिवशी वर्गात कुणी फोन बघत नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, जे टिकवायचंय त्याचा सराव त्याच गडबडीत, त्याच संकोचात घ्यायचा. तू मैदानावरून येतेयस म्हणजे गडबड कशी असते हे तुला ठाऊक आहे, नुसत्या पीएचडी करून आलेल्या माणसाला ते कधी कधी ठाऊक नसतं.

हायस्कूल_एटी

मी शिकवत नाही, एका पब्लिक हायस्कूलमध्ये एकटाच एटी आहे, पण वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या पीडी मॅडम अशाच होत्या. एक उदाहरण देतो, लॅकमन टेस्ट, गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट तुटलाय का ते बघायची. माझे हात लहान आहेत, आणि फुटबॉलच्या लाइनमनची मांडी माझ्या एका हातात मावणं शक्यच नाही, पुस्तकात दाखवतात तशी पकड मला जमायचीच नाही आणि मी प्रत्येक वेळी "निगेटिव्ह" म्हणून मोकळा व्हायचो. मॅडमनी एकदा बघितलं, काही बोलल्या नाहीत, स्वतःचा गुडघा टेबलावर टेकवून त्यावर पेशंटची मांडी ठेवली, एका हाताने मांडी वरून खाली दाबली, दुसऱ्याने नडगी वर ओढली आणि मला तिथे हात ठेवायला लावला. म्हणाल्या, ती किती सरकली ते नंतर, आधी टोकाला काय होतं ते सांग, कडक थांबतं का मऊ राहतं. आणि त्याआधी हॅमस्ट्रिंग सैल आहे का ते बोटांनी बघ, तो घाबरून आवळून धरत असेल तर टेस्टला अर्थ नाही. आजही मी प्रत्येक गुडघ्याला तस्सच करतो, आणि बऱ्याचदा एमआरआयच्या आधीच घरच्यांना नीट सांगू शकतो की पुढे काय काय होऊ शकतं.

माझ्या शाळेत दीड हजार मुलं आणि मी एकटा. जानेवारी २०२३ मध्ये बफेलो बिल्स या फुटबॉल टीमचा डमार हॅमलिन सिनसिनाटीच्या मैदानावर कोसळला आणि बिल्सच्या असिस्टंट एटीने, डेनी केलिंग्टनने, जागीच सीपीआर दिला, तेव्हा दुसऱ्या दिवशी आमच्या प्रिन्सिपलनी मला बोलावून विचारलं की आपल्याकडे असं झालं तर काय. मी इमर्जन्सी ॲक्शन प्लॅनची फाइल काढून टेबलावर ठेवली, एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) कुठे, गेटची किल्ली कुणाकडे, ॲम्ब्युलन्स कुठल्या रस्त्याने आत येणार, सगळं त्यात होतं. ती फाइल मी कॉलेजमध्ये असाइनमेंट म्हणून शिकलो होतो, आणि मॅडमनी तेव्हा माझा पहिला ड्राफ्ट परत पाठवला होता कारण मी किल्लीचं लिहिलं नव्हतं. ताई, तुम्ही जा शिकवायला. आमच्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्यांना विचारायला शेजारी कुणी नसतं, जे शिकवलेलं असतं तेवढंच हाताशी असतं.

आकडे_बघा

सगळे जा जा म्हणतायत, माझंही म्हणणं जाऊ नका असं नाही, पण मी ज्या छोट्या प्रायव्हेट कॉलेजमध्ये शिकवत होतो तिथला एटी प्रोग्रॅम मास्टर्समध्ये बदलल्यावर काही वर्षांत बंद झाला, म्हणून व्यवहाराचं लिहितो. बॅचलर्स असताना वर्गात मुलं भरपूर असायची, मास्टर्स झाल्यावर तीच मुलं विचार करायला लागली की एवढी फी भरून दोन वर्षं जास्त शिकायचं आणि नंतर पगार किती, त्यापेक्षा पीटी किंवा पीए का नको. प्रश्न चुकीचा नाही त्यांचा. देशभर बरेच प्रोग्रॅम याच काळात बंद झाले. लहान बॅचवर निदान तीन कोअर फॅकल्टी ठेवायला लागतात हा केटचा नियमच आहे, मग डीन कॅल्क्युलेटर घेऊन बसतात.

तेव्हा होकार देण्याआधी हे बघा. प्रोग्रॅमच्या वेबसाइटवर बीओसीचा पहिल्या प्रयत्नातला पास रेट, ग्रॅज्युएशन रेट, नोकरी लागण्याचं प्रमाण हे सगळं जाहीर असावंच लागतं. पास रेटचं तीन वर्षांचं एकत्रित प्रमाण ७० टक्क्यांच्या वर पाहिजे, त्याखाली गेला की केटला उत्तर द्यावं लागतं. तो ७२-७३ वर लटकत असेल तर तुमची पहिली दोन वर्षं मुलांना परीक्षेला तयार करण्यातच जाणार हे धरून चाला. बॅच किती मुलांची आहे आणि गेल्या तीन वर्षांत वाढली का घटली. केटची पुढची साइट व्हिजिट कधी आहे. आधीचा माणूस का गेला. आणि डॉक्टरेटची फी युनिव्हर्सिटी माफ करणार का, किती क्रेडिटपर्यंत, हे ऑफर लेटरमध्ये लेखी घ्या, तोंडी नको. डीन बदलले की तोंडी शब्द कुणाला आठवत नाहीत.

जुना_पीडी

वरचं प्रत्येक वाक्य खरं आहे, ताई. पास रेटचा मुद्दा तर आधी बघ.

डॉक्टरेटचं राहिलंच होतं. रिसर्च युनिव्हर्सिटीत कधी टेन्युअर ट्रॅकला जायचं मनात असेल तर पीएचडी, दुसरं काही नको. शिकवणं कसं होतं, प्रिसेप्टर कसे घडतात, परीक्षेचं मूल्यमापन कसं करावं असे प्रश्न पडत असतील तर ईडीडी छान, तुझ्यासारख्या माणसाला प्रबंधाचा विषय रोजच्या कामातूनच मिळेल. डीएटी क्लिनिकल प्रॅक्टिस खोलवर नेणारी आहे, आयडाहो आणि इंडियाना स्टेटसारख्या ठिकाणी ती होते, नोकरी करत करता येते, त्यात आपल्याच पेशंटचे निकाल मोजायला शिकवतात आणि मला ते फार आवडतं. फक्त तुमच्या डिपार्टमेंटमध्ये बढतीसाठी डीएटी ही टर्मिनल (त्या क्षेत्रातली सर्वोच्च) डिग्री धरतात का हे आधी विचार. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही, आणि प्रवेश घेतल्यावर ते कळून उपयोग नाही. पुढेमागे प्रोग्रॅम डायरेक्टर व्हायचं असेल तर मात्र डॉक्टरेट लागतेच, केटच्या २०२० च्या स्टँडर्डमध्ये तसं स्पष्ट आहे.

आणि क्लिनिकल ट्रॅकमधून लोक मोठे होत नाहीत, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. नाटाच्या पहिल्या महिला अध्यक्ष ज्युली मॅक्स कॅल स्टेट फुलर्टनला ॲथलेटिक्स आणि शिकवणं दोन्हीत होत्या.

मैदानवाली

काल रात्री बसून सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. वेबसाइटवर पास रेट बघितला, ८० च्या पुढे आहे, बॅच चौदाची आहे आणि गेल्या वर्षीपेक्षा दोनने वाढलीये. पीडींना ईमेल करून विचारलंय की सीईसीचं काम माझ्याकडे येणार का, येणार असेल तर कोर्स किती कमी करणार, आणि आठवड्यातून एक दुपार सॉकरबरोबर राहता येईल का. सॉकरच्या हेड एटीला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली, तिला मदतच आहे.

नवऱ्याला म्हटलं की वीकेंडचा कंटाळा आहेच, पण तो मला सोडायला लावतोय असं नाही, सोडून कुठे जायचं ते मात्र त्या विद्यार्थिनीमुळे ठरतंय. तो म्हणाला मग ठीक आहे.

आता एकच प्रश्न. इंटरव्ह्यू रीतसर होणार आहे, दिवसभराचा, त्यात चाळीस मिनिटांचा टीचिंग डेमो आहे, फर्स्ट इयरच्या मुलांसमोर, मागे सर्च कमिटी बसणार. विषय मी निवडायचा. काय घेऊ?

सुप्रिया_सीईसी

अगं घोटाच घे. स्लाइड्स तीन-चारच्या वर नकोत, कमिटीने दिवसभर स्लाइड्सच बघितलेल्या असतात. मुलांना जोड्यांत बसव, सुरुवातीला एक केस दे, अमुक खेळाडू, असा असा पाय मुरगळला, आणि हाय अँकल स्प्रेनच्या स्क्वीझ टेस्ट, एक्स्टर्नल रोटेशन टेस्ट स्वतः न दाखवता आधी त्यांना करू दे. मग तू फिरत फिरत हात दुरुस्त कर. फर्स्ट इयरची मुलं बुजतात, नावं विचारून घे आधीच, पीडी यादी देतील. आणि शेवटची पाच मिनिटं राखून ठेव, मुलांना विचारायला लाव, कारण कमिटीतला एक जण तरी नक्की हे लिहून घेत असतो की तू उत्तर देताना मुलाकडे बघतेस की आमच्याकडे.

टेबलं किती आहेत ते आधी विचारून घे, आमच्याकडे एकदा एका उमेदवाराला चौदा मुलं आणि तीनच टेबलं मिळाली होती. कमी असतील तर जमिनीवर मॅट टाकून घे, मैदानावर तरी कुठे टेबल असतं.